पम्पकिन लॉनचं कुलूप

बालाघाट,
दिवाळी आटोपल्यानंतरचा सोमवार

चि. सौ. ज्योत्स्ना हिला गुणाकरकाकाचे भरपूर आशीर्वाद (दिवाळीचे राहिलेले यातच धरावेत).

तू जबलपूरला सुखात असशील, थंडी सुरू झाली असेल आणि तुझी ती जुनी सर्दी स्वेटर घातल्याने आटोक्यात असेल, असं गृहीत धरून पुढे लिहितो. इकडे सगळं ठीक. उमाकाकूची साखर डॉक्टरांच्या मते वाढली आहे आणि काकूच्या मते डॉक्टरांचं मशीन बिघडलं आहे. माझा डावा गुडघा (ज्याच्यामुळे मला तुझ्या लग्नाला येता आलं नाही, तोच) अजून कुरकुरतो. काका पत्र का लिहितो, त्याच्या फोनला काय झालं, असं तुला वाटेल. फोनला काही झालेलं नाही. तू आमचा ‘नत्थूजी परिवार’ हा ग्रुप सोडून गेलीस त्याला दोन वर्षं होत आली, आणि मी फोन करतो तेव्हा तू नेमकी आंघोळीला गेलेली असतेस. इतक्या आंघोळी त्या थंडीत बऱ्या नव्हेत. पत्र मात्र पोस्टमन हातात देतो, ते उघडावंच लागतं.

आधी संकट सांगतो, मग ते कसं आलं ते सांगतो, म्हणजे मध्येच पत्र ठेवून दिलंस तरी संकट तुला कळलेलं असेल. गोंदिया रोडवरच्या तुझ्या आईच्या शेतात आम्ही लग्नकार्यासाठी जो लॉन बांधला, त्याच्या गेटला वहिनींनी, म्हणजे तुझ्या आईने, स्वतःचं कुलूप घातलं आहे आणि त्या लामत्याला आपल्या घरी निघून गेल्या आहेत. तुळशीचं लग्न झालं की लगेच तिथे आपल्या विमलाबाईंच्या मुलाचं लग्न आहे. लॉनचं हे पहिलं लग्न. पत्रिका वाटून झाल्या, बँड ठरला, आचारी ठरला. विमलाबाईंना कुलपाचं अजून माहीत नाही. त्या रस्त्यात दिसल्या की मी गुडघा असूनही गल्ली बदलतो. पहिलंच वऱ्हाड गेटाबाहेर उभं राहिलं, तर या गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. वहिनी माझं ऐकत नाहीत, वसंताचं ऐकत नाहीत. ऐकल्या तर तुझंच ऐकतील.

आता हे झालं कसं. शेत पुनारामदादाचं, म्हणजे तुझ्या वडिलांचं. दादा गेल्यावर ते वहिनींच्या नावावर आलं. गाव वाढत वाढत शेतापर्यंत पोचलं, तेव्हा वसंताच्या डोक्यात लॉन शिरला. (वसंता, तुझा धाकटा काका, अजून उकव्याच्या खाणीतच आहे, रोज बसने जातो-येतो, आणि बसमध्ये त्याला कल्पना सुचतात. खिडकीची जागा मिळाली तर जास्तच सुचतात.) वहिनींना विचारलं तर त्या एका शब्दात हो म्हणाल्या. भिंती झाल्या, हिरवळ लावली, कारंजं बसवलं (ते अजून उडत नाही, नुसतं गळतं). राहिलं होतं फक्त नाव.

नाव इंग्रजीच पाहिजे, याबद्दल दुमत नव्हतं. बालाघाटात मराठी किंवा हिंदी नाव ठेवलं तर लोक त्या जागेत फक्त तेराव्याची तेरवी करतात, असं वसंताचं निरीक्षण आहे. पण कोणतं नाव? आपल्याकडे घरातल्यांची पहिली अक्षरं जोडून दुकानाला नाव द्यायची रीत तुला माहीत आहे. अशा नावाला काही अर्थ नसतो, पण कोणी रुसत नाही. वसंताने त्यात सुधारणा केली. अक्षरं सगळ्यांची घ्यायची, पण शब्द मात्र डिक्शनरीतला, खरा पाहिजे. अक्षरं मागेपुढे झाली तरी चालतील, मध्ये दुसरी चार घुसली तरी चालतील, पण आपली आत असली पाहिजेत. मला हे फार सोपं वाटलं. मला सोप्या वाटलेल्या गोष्टींचं पुढे काय होतं, ते काकू तुला सांगेल.

अक्षरं जमवायला बसलो. वसंताच्या पियुषचा पी. आमच्या मयुरीचा एम. आमचा कुशल आणि त्याची बायको खुशी, दोघांत मिळून एक के (यावर खुशी माझ्याशी अजून बोलत नाही, कुशल तिच्याशी बोलत नाही). मोठ्यांची अक्षरं घ्यायचं ठरलं नव्हतं, पण काकू चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. “मजुरायले पानी मी पाजलं, उन्हात पाह्यरा मी देल्ला, अन् माहं अक्षर काहून नाही?” ट्रे खाली येईना. चहा निवायच्या आत यू मंजूर झाला.

माझं इंग्रजी तुला माहीत आहे. उभी हयात सिंचाई विभागात गेली. ‘सोबत जोडल्याप्रमाणे पाहावे’ एवढं इंग्रजीत लिहिता आलं की त्या खात्यात माणूस निवृत्तीपर्यंत पोचतो. तरी मी कुशलची शाळेतली डिक्शनरी काढली, चष्मा पुसला आणि ए पासून सुरुवात केली. बी च्या मध्यावर मान धरली. तेव्हा कुशलने मोबाइल काढला आणि सांगितलं की असली कामं करणारी जागा इंटरनेटवर आहे. आपली अक्षरं टाकायची, ती ज्या ज्या शब्दांत आहेत ते शब्द बाहेर पडतात, पिठाच्या गिरणीसारखे. मी डिक्शनरी मिटली, पण मान तशीच राहिली.

पहिला शब्द पडला, मेकअप. सगळे खूश. मग मयुरी म्हणाली, बायका भुवया कोरून घ्यायला येतील आणि आपल्याला बसवून घ्यावं लागेल. तो गेला. दुसरा मार्कअप. कुशलने अर्थ सांगितला, वाढवून लावलेला भाव. असतो तो, पण पाटीवर लिहिण्यासारखा नसतो. तिसरा अपमार्केट, हा वसंताला फार आवडला, पण रस्त्याने जाणारा माणूस अर्धंच वाचतो. उद्या लोक वांग्यांच्या टोपल्या घेऊन बसले तर त्यांना उठवणार कोण? चौथा शब्द मकहीप. याने मात्र आम्ही सगळेच भारावलो. ‘मकहीप पॅलेस.’ कुण्या नवाबाचं नाव असावं असं वाटलं. काकूने ते दोनतीनदा तोंडात घोळवून पाहिलं. मग कुशलने अर्थ काढला. उकिरडा.

सगळ्यांनी मोबाइलवरून नजर काढली. मोबाइल सुटला की माणूस भिंतीकडे पाहतो, आणि भिंतीवर आपल्या बाबांचा (तुझ्या आजोबांचा) फोटो आहे. काकू म्हणाली, ग्रुपले नत्थूजींचं नाव अन् लॉनमधी नत्थूजीच नाहीत? वसंताने उभं राहून फोटोला हात जोडले. एन आला. आणि एन आल्याबरोबर गिरणीचं पीठच आटलं. कुशलने बोट फिरवलं, अजून फिरवलं, म्हणाला, कामाचे तीनच शब्द आहेत.

त्यातला पहिला अनकेम्प्ट. काय भारदस्त शब्द. वसंताने उठून, छाती काढून म्हणून पाहिला. पाटी रंगवणाऱ्याला फोन लागला होता, तेवढ्यात कुशल म्हणाला, याचा अर्थ केस न विंचरलेला, गबाळा. वसंता अडून बसला. “अर्थ कोन पाह्यते बे?” कुशल आता हिंदीतच जास्त बोलतो. “चाचा, दुल्हन की हर फोटो के पीछे यही लिखा आएगा.” फोन ठेवला. दुसरा शब्द बम्पकिन. त्याचा अर्थ गावंढळ. काकू म्हणाली, “हे तं आपलंच नाव हाय.” कुशलने बोट पुढे सरकवलं. तिसरा पम्पकिन.

पम्पकिन म्हणजे कोहळं. पुण्याकडे त्याला भोपळा म्हणतात आणि ज्याच्या पदरात काही पडलं नाही त्याच्या हातावर ठेवतात. पण आपल्याकडे कोहळ्याच्या भाजीशिवाय लग्नाची पंगत उठत नाही, आणि नव्या वास्तूच्या दाराला नजर लागू नये म्हणून टांगतात तेही कोहळंच (टांगायचं भुरं, खायचं लाल, पण भावकी एकच). मला तर हा संकेतच वाटला. नाव ठरलं, इमारतीच्या माथ्यावर दिव्यांची अक्षरं चढली, आणि ती पेटल्यावर आमच्या ध्यानात आलं की यात पी दोन आहेत आणि एक आय कोणाचाच नाही. वसंता म्हणे, दुसरा पी त्याच्या प्रमिलाचा. मी म्हटलं, मग आय माझा. या वादात नवरात्र गेलं. गावाने तेवढ्यात आपलं नाव ठेवूनही टाकलं होतं. ऑटोवाले सरळ ‘कद्दू मोड़’ म्हणून सवारी उतरवतात.

दसऱ्याला वास्तुपूजन काढलं. वहिनी सकाळच्या गाडीने लामत्याहून आल्या, नवं लुगडं नेसून, आणि येताना वाडीतलं कोहळं घेऊन आल्या. असं कोहळं मी जन्मात पाहिलं नाही. दोघांनी धरून उतरवलं. पूजा झाली, आरती झाली, कोहळं पाटावर बसवलं. आता तुला रीत माहीत आहेच. अख्खं कोहळं बाईमाणसाने आधी कापायचं नाही. पहिली सुरी पुरुषाने लावायची, मग बायका हव्या तेवढ्या फोडी करोत. मी सुरीला हात घातला, कारण मी वडीलधारा. वसंताने घातला, कारण कल्पना त्याची. ओढाताण म्हणता येणार नाही, पण सुरी पुढेमागे होत होती. फोटोवाला म्हणाला, दोघं मिळून धरा, केकसारखं.

तेव्हा वहिनींनी आमच्या हातातून सुरी काढून घेतली. “राहू द्या भाऊजी. वाडी माही, जागा माही. पह्यली सुरी माह्या घरचा मानूस लावन.” आता दादाच्या माघारी त्यांच्या घरचा माणूस म्हणजे मीच, हे उघड आहे. मी नम्रपणे एक पाऊल पुढे झालो. वसंताही झाला. वहिनींनी आम्हा दोघांकडे पाहिलं, म्हणाल्या, “तुमी आपापल्या घरचे,” सुरी पदरात गुंडाळली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि गेटला कुलूप घातलं. प्रसाद आम्ही रस्त्यावर उभं राहून वाटला. लोकांना वाटलं, हीच रीत असेल.

घरी येऊन खूप विचार केला. वसंताने निदान केलं की वहिनी अक्षरावरून रुसल्या. सगळ्यांची अक्षरं आली आणि जिची जमीन तिचा, दुर्गाबाईंचा, डी नाही. हे आम्हाला आधी कसं सुचलं नाही, याचं सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं (काकूला वाटलं नाही). पुन्हा गिरणी चालू केली, डी टाकला, आणि काय सांगू, शब्द मिळाला. पम्पकिनसीड. कोहळ्याचं बी. नुसता मागे जोडला की काम झालं. पण जोडणार कसं, पाटी आत आणि आम्ही बाहेर. म्हणून ‘सीड’ एवढी अक्षरं करून आणली आणि बाहेर रस्त्याकडच्या भिंतीला टेकवून ठेवली. पेरणीचे दिवस. शाळा शिकलेली पोरं वाचून दाखवतात आणि त्यांचे बाप येऊन मला विचारतात, हरभऱ्याचं बी कधी येणार? एक जण तर सकाळी बाजच घेऊन आला, नंबर लावायला.

शेवटी मी स्वतः लामत्याला गेलो. वहिनींनी चिन्नोरचा भात, वरण, भाजी, सगळं पोटभर वाढलं. जेवण झाल्यावर मी सांगितलं की तुमचा डी आता नावात आला आहे, आणि तो दुसरा पी आहे ना, तो दादाचा, पुनारामचा. (हे आम्हाला मागाहून सुचलं, पण सुचलं हे महत्त्वाचं.) वहिनी हसल्या. “त्यायच्या वाट्याले उरलेलं अक्षर, अन् माह्या वाट्याले बीचं शेपूट. मले तं एबीसीडी येतबी नाही भाऊजी, मी तिच्यावर रुसू काहून?” मग काय पाहिजे, विचारलं. तर म्हणाल्या, “तुमाले समजते. समजत नसन, तं गाडीत बसल्यावर समजन.” आणि डबा भरून दिला.

कोहळं अजून आतच आहे, पाटावर, कारंज्याशेजारी. मी रोज गजांतून पाहून येतो. एक चमत्कार मात्र सांगितला पाहिजे. इतक्या दिवसांत त्याच्यावर धुळीचा कण नाही, आणि हळदकुंकू रोज ताजं दिसतं. वसंता म्हणतो जागा जागृत आहे. मी आपला चप्पल बाहेर काढून पाहतो.

तर पोरी, एवढंच कर. आईला फोन लाव आणि समजावून सांग की विमलाबाईंच्या मुलाचं यात काय चुकलं? तुझा शब्द त्या मोडणार नाहीत. बाकी क्षेम. स्वेटर घालत जा.

तुझा काका,
गुणाकर

ता. क. — वर एक गोष्ट लिहायची राहिली. गाडीत बसल्यावर मला समजलं. अगदी लगेच नाही, डबा उघडल्यावर. वहिनींच्या घरचा माणूस म्हणजे तुझा नवरा. मी पोटभर जेवून वर डबा घेऊन आलो, आणि जावयांना या घरात अजून कोणी जेवायलाही बोलावलेलं नाही, आणि पहिली सुरी त्यांच्या हातची लागल्याशिवाय त्या जागेत दुसऱ्या कोणाचं लग्न लागणार नाही, असं वहिनींच्या मनात आहे. तेव्हा आईला फोन करू नकोस. सुखरामरावांना घेऊन तूच ये. बिरशा गावाला त्यांच्या आईकडे बोलावणं करायला मी आणि वसंता दोघं जातो (वसंता जातीपातीचं बोलायला लागला की काकू मिक्सर चालू करते, त्यामुळे हल्ली त्याचं मत कोणाला ऐकू येत नाही). कोहळं जावई कापतील, भाजी होईल, पुऱ्या होतील, पहिली पंगत तुमची, आणि वाढायला मी. वाढायचा मला अनुभव नाही, पण मीठ-लिंबू जमेल. सुरी वहिनींकडे आहे, तुम्ही आणू नये.

ता. क. — तुझ्या जे बद्दल. या सगळ्या अक्षरांत जे घालून पाहिला. घालून काय पाहिला, गेले कित्येक दिवस तेच करतो आहे. एकही शब्द नाही. कुशल म्हणतो, इंग्रजीतच नाही तर आणणार कुठून? म्हणजे भाषाच अपुरी आहे, त्याला माझा इलाज नाही. पण मी शोधला नाही असं म्हणू नकोस.

ज्योत्स्ना, मी उमाकाकू लिहून राह्यली. काकांनं पाकीट चिकटवाले माह्यापाशी देल्लं, म्हनून जागा सापडली. गुडघ्याचं मनावर घेऊ नको, गुडघा चांगला हाय. तुह्या लग्नाच्या दिवशी हे दिवसभर नदीकाठानं फिरले अन् अंधार पडल्यावर घरी आले, जेवले नाहीत. दुसरी गोष्ट, कुलपाची किल्ली माह्यापाशीच हाय, तुरीच्या डायीच्या डब्यात. दुर्गावहिनींनं दसऱ्यालेच माह्या हातात देल्ली. म्हने, भाऊजी पोरीले बोलवाचं पत्र लिहीत नाहीत तोवर काढू नको. रोज दुपारी हे झोपले का मी जातो, कोहळं पुसतो, हळदकुंकू लावतो अन् कुलूप लावून येतो. यायले सांगू नको, चप्पल काढून उभे राहतात ते मले चांगलं वाटते. तुम्ही दोघं या. किल्ली मी तुह्याच हातात देईन.